गाडी उभी, इंजिन मात्र धावते!

चिखली-खामगावकडच्या एखाद्या जुन्या गॅरेजात थोडा वेळ बसलात, तर "गाडी रेस राहते" ही तक्रार कधीतरी कानावर येईल. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, गिअर न्यूट्रलला आणला, तरी इंजिन घोंघावतच राहते. मिनिटाला ८००-९०० फेरे घ्यायचे, ते दीड हजार घेते. पेट्रोल फुकट जळते हे तर झालेच. पण बुलढाण्याहून राजूर घाटाने मलकापूरकडे उतरताना गाडी आवरून धरण्याचे बरेचसे काम इंजिन करीत असते. तेच पुढे ढकलू लागले, तर सारा भार ब्रेकवर पडतो, आणि ब्रेक फार तापले की त्यांची पकड ढिली होते.

आपण कार्बुरेटर असलेल्या जुन्या गाडीचेच उदाहरण घेऊ. मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी प्रीमियर पद्मिनी तुम्ही निदान चित्रपटांत तरी पाहिली असेल. टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. हौशी लोकांनी जपलेल्या पद्मिनी मात्र अजून धावतात. तिचे इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे.

पुष्कळांची समजूत अशी, की ॲक्सिलरेटर दाबला म्हणजे आपण पेट्रोलचा नळ सोडतो. खरे पाहता पायाने उघडते ती हवेची झडप, थ्रॉटल. हवा जोराने आत शिरते आणि जाताना पेट्रोल ओढून नेते. पाय काढला की झडप जवळजवळ मिटते. सिलिंडरांतील दट्टे हवा ओढू पाहतात, पण वाट अरुंद. त्यामुळे झडपेपलीकडच्या नळीतला दाब बाहेरच्या दाबाच्या सुमारे एक तृतीयांश इतका उतरतो. इंजिन किती धावणार, हे आता त्या फटीतून किती हवा शिरते त्यावर ठरते.

ही फट केवढी असेल? चला, ढोबळ हिशोब करू. चार आघातांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांत एकदाच हवा घेतली जाते. मिनिटाला ८०० फेरे असतील, तर ४०० वेळा १.०८९ लिटर, म्हणजे सुमारे ४३५ लिटर विरळ हवा. तिचा दाब एक तृतीयांश. म्हणजे बाहेरची हवा मिनिटाला सुमारे १४५ लिटर, सेकंदाला २.४ लिटर. दाबात एवढा फरक असला, की फटीतून शिरणारी हवा थेट ध्वनीच्या वेगाला पोहोचते. त्या वेगाने एवढी हवा आत जायला साधारण १२ चौरस मिलिमीटर जागा पुरते. ४ मिलिमीटर व्यासाचे एक छिद्र, बस्स!

आता कुठेतरी २ मिलिमीटरचे दुसरे छिद्र पडले असे समजा. व्यास निम्मा, म्हणून क्षेत्रफळ पाव. हवा एकदम सव्वापट झाली! इंजिन मंद चालताना मिश्रणात पेट्रोल थोडे जास्तच ठेवलेले असते. जादा हवेने तेही जळते आणि फेरे वाढतात. भोक आणखी मोठे झाले, तर मिश्रण इतके पातळ होते की इंजिन अडखळू लागते.

तेव्हा शोध घ्यायचा तो हवेचा. पहिला प्रश्न, इंजिन गार आहे की तापलेले? गार असताना चोक ओढलेला असतो आणि त्याच्याबरोबर थ्रॉटलही किंचित उघडतो, म्हणून फेरे जास्त असणे रास्तच. तापल्यावरही ते उतरत नसतील तर चोक पूर्ण परतला का ते बघा. मग इंजिन बंद करून थ्रॉटलचा दांडा हाताने मिटवून पाहावा. तो आणखी मिटत असेल, तर केबल अडकली आहे किंवा परतीची स्प्रिंग सैल झाली आहे. आमच्याकडच्या धुळीत हे कारण फार आढळते.

तेथे सर्व ठीक असेल, तर गाडी "एअर घेते" का हे पाहायचे. कार्बुरेटरखालचे पॅकिंग, रबरी नळ्या, त्यांची तोंडे. फुस्स असा आवाज येतो का ऐका. एकेक नळी चिमटीत दाबा. जी दाबल्यावर फेरे पडतात, ती फाटलेली. सांध्यावर साबणाचे थोडे पाणी सोडले, तर गळतीच्या जागी ते आत ओढले जाते आणि इंजिनाचा सूर क्षणभर बदलतो. काही मिस्त्री याच कामासाठी पेट्रोल शिंपडतात. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल! तसे मुळीच करू नका. पंख्यापासून हात दूर ठेवा, आणि ही तपासणी मोठ्या माणसाबरोबर, उघड्यावरच करा; बंद शेडमध्ये धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

हवेत दोष नसेल, तर ठिणगी फार लवकर पडते का हे टायमिंग तपासून पाहावे लागते. मिश्रणाचा आणि फेऱ्यांचा स्क्रू फिरवायचा तो सर्वांत शेवटी. बरेच जण पहिल्याच मिनिटाला पेचकस हाती घेतात. त्याने आवाज उतरतो, पण फाटलेली नळी तशीच राहते आणि चार दिवसांनी गाडी चौकात बंद पडू लागते.

निर्वातमापक जोडून पाहणाऱ्या शिक्षकांसाठी एक गोष्ट. समुद्रसपाटीला मंद चालणारे चांगले इंजिन सुमारे ४५ ते ५० सेंटिमीटर पाऱ्याइतका निर्वात दाखवते. बुलढाणा साडेसहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. येथे हवेचाच दाब ७६ ऐवजी सुमारे ७० सेंटिमीटर. म्हणून काटा ५-६ सेंटिमीटर कमी दाखवील. मलकापूरला, अडीचशे मीटरवर, तीच गाडी ३-४ सेंटिमीटर जास्त दाखवील.