स्ट्रायकरविषयीचे समज आणि नवी मुंबईच्या मैदानावरील पुरावे

नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम बहुतेकांना क्रिकेटचे मैदान म्हणूनच ठाऊक असले, तरी इंडियन सुपर लीगच्या २०१४ आणि २०१५ या पहिल्या दोन हंगामांत ते मुंबई सिटी एफसीचे घरचे मैदान होते, २०१७ मध्ये तेथे १७ वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामने झाले आणि २०२२ या एकाच वर्षात महिलांच्या आशियाई चषकाची व १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची अंतिम लढतही तेथेच झाली. त्यामुळे स्ट्रायकर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलच्या सर्वांत जवळ खेळणारा आघाडीपटू, नेमके काय करतो आणि त्याची कारकीर्द कशी घडते किंवा बिघडते, हे तपासण्यासाठी मराठी वाचकाला फार दूर जावे लागत नाही. या खेळाडूविषयीचे बहुतेक गैरसमज एकाच सवयीतून उपजलेले आहेत, आणि ती सवय म्हणजे गोलांच्या यादीवरून त्याची किंमत ठरवण्याची.

चांगला स्ट्रायकर संधी दवडत नाही, हा सर्वांत रुळलेला समज. प्रत्यक्षात व्यावसायिक फुटबॉलमध्ये गोलसाठी मारलेल्या दहा फटक्यांपैकी सरासरी एकाच्या आसपास फटका गोल ठरतो आणि समोर केवळ गोलरक्षक उभा असताना अकरा मीटरवरून मारायची पेनल्टीसुद्धा साधारण चारांतून एकदा वाया जाते. म्हणूनच विश्लेषक आता ‘अपेक्षित गोल’ या मापाचा आधार घेतात. फटका किती अंतरावरून व कोणत्या कोनातून मारला, पायाने मारला की डोक्याने, अशा बाबी लक्षात घेऊन आणि तशाच प्रकारचे पूर्वीचे फटके किती वेळा गोल ठरले होते हे पाहून प्रत्येक संधीला शून्य ते एक यांदरम्यानचे मूल्य दिले जाते. या मापाने पाहिले, तर सलग तीन सामने गोलविना गेलेला, पण दर सामन्यात मोक्याच्या जागी पोहोचणारा स्ट्रायकर आपले काम चोख करत असतो, आणि एका लांबच्या फटक्यावर टाळ्या मिळवणारा कदाचित करत नसतो.

गोल आणि निकाल यांचे नाते किती सैल असते, याचे उदाहरण २०२२ च्या आशियाई चषकातच सापडते. ऑस्ट्रेलियाच्या सॅम केरने २१ जानेवारीला अंधेरीच्या मैदानावर इंडोनेशियाविरुद्ध एकाच सामन्यात पाच गोल केले, त्यांच्या जोरावर टिम केहिलचा ५० गोलांचा विक्रम मागे टाकून ती ऑस्ट्रेलियाच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांतील सर्वाधिक गोल करणारी खेळाडू ठरली, आणि स्पर्धेतही सात गोलांसह तीच अव्वल राहिली. तरीही तिचा संघ ३० जानेवारीला पुण्यात बालेवाडीच्या मैदानावर दक्षिण कोरियाकडून ०-१ असा हरून उपांत्यपूर्व फेरीतच बाद झाला. भारतीय महिला संघाच्या वाट्याला तर याहून विचित्र अनुभव आला. २० जानेवारीला नेरूळला इराणविरुद्धचा सामना वर्चस्व गाजवूनही गोलशून्य बरोबरीत सुटला आणि त्यानंतर संघात कोविडची लागण झाल्याने यजमानांनाच स्पर्धेबाहेर पडावे लागले. हुकलेल्या संधींची भरपाई करण्यासाठी पुढचा सामनाच उरला नाही.

राखीव खेळाडूंत बसणारा स्ट्रायकर दुय्यम दर्जाचा असतो, हा समज त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्याने खोटा ठरवला. ६ फेब्रुवारीला नेरूळमध्ये चीनने दोन गोलांची पिछाडी भरून काढत दक्षिण कोरियाला ३-२ असे हरवले, आणि भरपाई वेळेत विजयी गोल करणारी श्याओ युयी बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरली होती. बचावपटू थकलेले असताना ताज्या दमाचा वेगवान खेळाडू आत पाठवणे, हा प्रशिक्षकाच्या आखणीचाच भाग असतो.

ऑफसाइडविषयी एवढेच सांगणे पुरेसे आहे, की चेंडू स्ट्रायकरकडे पोहोचतो त्या क्षणी नव्हे, तर सहकारी तो पुढे देतो त्या क्षणी त्याची जागा पाहिली जाते. त्या क्षणी तो प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या भागात, चेंडूच्या पुढे आणि शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्याही पुढे असेल, तर तो ऑफसाइड जागी असतो. प्रेक्षकांना ‘उघड ऑफसाइड’ वाटणाऱ्या कित्येक धावा याच कारणाने वैध असतात.

स्ट्रायकर उंचापुरा आणि धिप्पाडच असावा, या समजाला सुनील छेत्रीची सारी कारकीर्द हेच उत्तर आहे. साडेपाच फुटांहून किंचितच उंच असलेल्या या खेळाडूने २८ ऑक्टोबर २०१५ रोजी याच नेरूळच्या मैदानावर मुंबई सिटीकडून नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध तीन गोल केले आणि इंडियन सुपर लीगमध्ये हॅटट्रिक साधणारा तो पहिला भारतीय ठरला. त्याने डोक्याने केलेल्या गोलांकडे बारकाईने पाहिले, तर उंचीपेक्षा उडी घेण्याची वेळ आणि बचावपटूच्या पाठीमागून, त्याच्या नजरेआड राहून, पुढे सरकण्याची सवय अधिक उपयोगी पडलेली दिसते.

पालकांना सर्वाधिक भुरळ घालणारा समज मात्र वेगळाच आहे. सोळाव्या-सतराव्या वर्षी चमकलेला मुलगा पुढे मोठा स्ट्रायकर होणारच, असे गृहीत धरले जाते. २५ ऑक्टोबर २०१७ रोजी नेरूळला झालेल्या, १७ वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात स्पेनने मालीला ३-१ असे हरवले, तेव्हा दोन गोल कर्णधार आबेल रुइझचे होते आणि तिसरा फेरान तोरेसचा. नजरा रुइझवर होत्या, कारण तो संघाचा मुख्य स्ट्रायकर होता आणि तोरेस बगलेवरून खेळणारा. पुढे रुइझ पोर्तुगालच्या ब्रागाकडून व नंतर स्पेनच्या जिरोनाकडून खेळला, ही कारकीर्द चांगलीच म्हणावी लागेल. पण मँचेस्टर सिटी आणि बार्सिलोनापर्यंत पोहोचला तो तोरेस, आणि बार्सिलोनाने त्यालाच अनेकदा मधोमध स्ट्रायकर म्हणून खेळवले. त्याच विश्वचषकात आठ गोलांसह सर्वोच्च ठरलेल्या इंग्लंडच्या रायन ब्रूस्टरने मडगाव आणि कोलकाता येथे लागोपाठ दोन सामन्यांत हॅटट्रिक केली होती. २०२० मध्ये शेफील्ड युनायटेडने मोठी रक्कम मोजून त्याला घेतले आणि प्रीमियर लीगच्या त्या पहिल्या हंगामात त्याच्या नावावर एकही गोल लागला नाही. भारताकडून त्या स्पर्धेत खेळलेला कोल्हापूरचा आघाडीपटू अनिकेत जाधव पुढे जमशेदपूर, हैदराबाद, ईस्ट बंगाल अशा संघांतून व्यावसायिक स्तरावर टिकला, पण बहुतेकदा बगलेवरचा खेळाडू म्हणून. यात अपयश शोधणे चूक ठरेल. तालीम मंडळांच्या संघांवर आणि शाहू स्टेडियमवरील गर्दीवर पोसलेल्या कोल्हापूरच्या फुटबॉलमधून राष्ट्रीय पातळीवर टिकून राहणे हीच मोठी मजल आहे, आणि संघाच्या गरजेनुसार जागा बदलणे हा व्यवसायाचा भाग आहे.

जागा बदलण्यामागचे कारण समजून घेतले, की भारतीय स्ट्रायकरांत गुणवत्ताच नाही हा समजही तपासता येतो. इंडियन सुपर लीगच्या आरंभीच्या हंगामांत एका संघाचे सहा परदेशी खेळाडू एकाच वेळी मैदानात उतरू शकत होते. २०१७-१८ पासून ही संख्या पाचवर आणि २०२१-२२ पासून चारवर आली. परदेशी खेळाडूवर खर्च करायचा तर तो गोल करणाऱ्यावर, असा क्लबांचा साधा हिशेब असल्याने मधोमधची जागा परदेशी खेळाडूकडे आणि बगला भारतीयांकडे, अशी विभागणी रूढ झाली. २०१४ ते २०२४-२५ या काळात या लीगमधील सर्वाधिक गोलांचा मान एकदाही भारतीय खेळाडूला मिळालेला नाही. २०१७-१८ मध्ये १४ गोल करणारा छेत्रीसुद्धा एफसी गोवा संघाच्या परदेशी कोरोमिनासच्या १८ गोलांमागे राहिला. जून २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झालेल्या छेत्रीला मार्च २०२५ मध्ये, वयाच्या चाळिशीत, राष्ट्रीय संघात परत बोलवावे लागले आणि त्याने मालदीवविरुद्ध गोलही केला, हा त्याचा गौरव खरा, पण व्यवस्थेवरचा ठपकाही तितकाच खरा. गुणवत्तेचा प्रश्न असता, तर १ डिसेंबर १९५६ चा सामना घडलाच नसता. त्या दिवशी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मुंबईच्या टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळणाऱ्या, मूळच्या गोव्याच्या नेव्हिल डिसोझाने यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, भारत ४-२ असा जिंकला, आणि ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई ठरला.

डिसोझाच्या पिढीतील आणि नंतरच्याही अनेक खेळाडूंना मुंबईतील कंपन्यांच्या संघांचा आधार होता. टाटा, एअर इंडिया, महिंद्रा या संघांतून खेळणाऱ्यांपैकी अनेकांच्या पाठीशी नोकरी असे. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला आणि ती व्यवस्थाही ओसरत गेली. तिच्या जागी करार आले. व्यावसायिक खेळाडू आयुष्यभर गडगंज कमावतो, हा समज येथे फसवा ठरतो, कारण फिफाच्या नियमांनुसार करार सर्वसाधारणपणे पाच वर्षांहून अधिक आणि १८ वर्षांखालील खेळाडूचा तीन वर्षांहून अधिक असू शकत नाही, आणि एका गंभीर दुखापतीनंतर तो पुढे वाढवला जाईलच याची हमी कोणी देत नाही. दुसरीकडे याच नियमांत लहान संस्थांच्या हिताची एक तरतूद आहे, जिची माहिती फार थोड्यांना असते: करार संपण्यापूर्वी खेळाडू रक्कम मोजून एका देशातील क्लबकडून दुसऱ्या देशातील क्लबकडे गेला, तर त्या रकमेचा पाच टक्के वाटा त्याला वयाच्या १२ ते २३ या वर्षांत घडवणाऱ्या क्लबांमध्ये विभागला जातो. हा वाटा मिळण्यासाठी त्या काळातील नोंदणीचा पुरावा लागतो. घणसोलीतील रिलायन्स फाउंडेशनच्या निवासी अकादमीत निवड झालेला मुलगा असो किंवा नवी मुंबईच्या एखाद्या वसाहतीतील छोट्या क्लबकडून खेळणारा असो, त्याच्या पालकांनी आणि क्लबने अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या केंद्रीय प्रणालीत त्याची नोंद दर हंगामात, जन्मतारखेच्या खऱ्या कागदपत्रांसह, करून घ्यावी आणि तिची प्रत जपून ठेवावी.