टीव्हीखालच्या संगणकासाठी

चित्रपटांपुरता संगणक हवा, तर महागडं ग्राफिक्स कार्ड विसरा, प्रोसेसरमधलंच पुरतं. मात्र इंटेलच्या क्रमांकाअखेर ‘एफ’ असेल, तर तेच नसतं. स्वस्त म्हणून नेमका हाच गळ्यात पडतो! एव्ही१ प्रकारचा व्हिडिओ अडखळू नये म्हणून इंटेल कोअरची ११वी किंवा पुढची पिढी घ्या. एएमडीच्या ८६००जीमध्ये एव्ही१ची सोय आहे, ५६००जीमध्ये नाही.

मदरबोर्डवर एचडीएमआय २.० हवंच, १.४ वर ४के चित्र सेकंदाला ३० फ्रेमपुरतंच. मिनी-आयटीएक्स बोर्ड १७ बाय १७ सेंटिमीटरचा, कप्प्यात सहज मावतो. इंटेल एन१०० हा प्रोसेसर तर बोर्डवरच पक्का बसवलेला येतो. ६ वॅटचा असल्याने मोठ्या हीटसिंकवर, पंख्याविनाही चालतो. नंतर बदलता मात्र येत नाही. गेम खेळायचे नसतील, तर हाच घ्या.