सरकारी कुरणे, नागरिकांचा सल्ला

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा नकाशा समोर ठेवून शंभराव्या रेखांशाच्या पश्चिमेकडील मुलखावर दृष्टी टाकली, तर रॉकी पर्वताच्या उतारांपासून नेव्हाडाच्या शुष्क पठारांपर्यंत पसरलेल्या त्या प्रदेशाचा फार मोठा भाग आजतागायत कोणाच्याही खाजगी मालकीचा झालेला नाही, ही गोष्ट ध्यानात येते. ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या मध्यवर्ती सरकारच्या खात्याकडे सुमारे २४ कोटी ५० लक्ष एकर जमीन असून तीपैकी सुमारे १५ कोटी ५० लक्ष एकरांवर परवान्याने गुरे व मेंढरे चरतात. एकट्या नेव्हाडा राज्याची जवळजवळ दोन-तृतीयांश भूमी याच खात्याच्या दप्तरी नोंदलेली आहे. आपल्या गावाच्या शिवारातील गायरानाची कल्पना येथे अपुरी पडते, कारण तिकडे कित्येक परवान्यांखालचे रान आपल्या एखाद्या तालुक्याएवढे विस्तीर्ण असते, आणि ते इतके कोरडे असते की एका गाईच्या पोटापाण्यासाठी कित्येक एकर लागतात. असल्या रानात किती जनावरे सोडावीत, कोणत्या महिन्यात सोडावीत आणि कोणत्या ओढ्याच्या काठापासून ती दूर राखावीत, हे ठरविण्याचा अधिकार कायद्याने सरकारी अधिकाऱ्याला दिला आहे. मात्र त्या अधिकाऱ्याने कोणाला विचारून ठरवावे, या प्रश्नाचे उत्तर त्या देशाने तीन वेळा निरनिराळे दिले आहे, आणि त्यातील तिसरे उत्तर आपण जाणून घेण्याजोगे आहे.

या प्रश्नाचा पहिला गंभीर विचार जॉन वेस्ली पॉवेल या भूवैज्ञानिकाने केला. यादवी युद्धात एक हात गमावलेल्या या पुरुषाने १८६९ मध्ये कोलोराडो नदीच्या भयंकर घळीतून नौकाप्रवास केला होता, आणि १८७८ मध्ये शुष्क प्रदेशांच्या भूमीविषयी सरकारला जो अहवाल सादर केला, त्यात त्याने असे निक्षून सांगितले की, वर्षाकाठी वीस इंचांहून कमी पाऊस पडणाऱ्या मुलखात १६० एकरांचा तुकडा देऊन कुटुंब वसविण्याचे १८६२ च्या कायद्याचे धोरण निरुपयोगी आहे; पशुपालकाला २,५६० एकर तरी हवेत, आणि अशा पशुपालकांनी एकत्र येऊन आपापल्या चराऊ क्षेत्राचे नियम आपणच करावेत. काँग्रेसने, म्हणजे तेथील कायदेमंडळाने, हा सल्ला मानला नाही. परिणामी सरकारी रान ज्याची गुरे आधी पोहोचतील त्याचे, अशी वहिवाट पडली, आणि उद्यासाठी गवत राखून ठेवणारा मूर्ख ठरू लागला, कारण त्याने राखलेले गवत दुसऱ्याची मेंढरे खाऊन जात. १८८६-८७ च्या हिवाळ्यात उत्तरेकडील मैदानांत बर्फाखाली गुरांचे कळपच्या कळप मेले तरी ही वहिवाट सुटली नाही. त्या काळातील एकच आशादायक गोष्ट मोंटाना राज्यातील मिझपा आणि पंपकिन या ओढ्यांच्या परिसरात घडली. तेथे १९२८ मध्ये काँग्रेसने खास कायदा करून सुमारे १ लक्ष ८ हजार एकरांचे मिश्र मालकीचे रान एकत्र केले, आणि स्थानिक पशुपालकांच्या संघाला त्याचा कारभार पाहू दिला.

पुढे १९३४ साली एडवर्ड टेलर या कोलोराडोच्या प्रतिनिधीच्या नावाने ओळखला जाणारा चराई कायदा संमत झाला, आणि २८ जून रोजी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी त्यावर स्वाक्षरी केली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात महामैदानांतील धुळीचे लोट वॉशिंग्टनपर्यंत जाऊन पोहोचले होते. ती धूळ बव्हंशी नांगरलेल्या शेतांची असली, तरी भूमीचे हाल कायदेमंडळाच्या डोळ्यांपुढे आणण्याचे काम तिने केले. कायद्याने चराई-जिल्हे निर्माण केले, परवाने ठरविले, आणि फॅरिंग्टन कार्पेंटर हे गृहस्थ चराईच्या नव्या खात्याचे पहिले संचालक झाले. प्रिन्स्टनचा पदवीधर, हार्वर्डमध्ये कायदा शिकलेला आणि कोलोराडोच्या हेडन गावाजवळ स्वतः गुरे पाळणारा हा माणूस मोठ्या विलक्षण अडचणीत होता. त्याच्या हाती कोट्यवधी एकर होते, पण हाताखाली माणसे मोजकीच होती, आणि कोणत्या खोऱ्यात कोणाची किती वर्षांची वहिवाट आहे, हे सांगणारा एकही विश्वसनीय कागद दप्तरात नव्हता. म्हणून तो राज्याराज्यांतून हिंडला, आजवर एकमेकांवर बंदुका रोखलेल्या गोपालकांना व मेंढपाळांना एका छपराखाली बसविले, आणि प्रत्येक जिल्ह्यात त्यांनी आपल्यातूनच सल्लागार मंडळ निवडावे, असा पायंडा पाडला. कोणाचे मूळ शेत कोठे आहे, कोणाची जनावरे किती वर्षे त्या रानात येत आली, हे शेजाऱ्यांना ठाऊक होते. शेजाऱ्यांसमोर खोटी संख्या सांगणे अवघड होते. पहिल्या परवान्यांची वाटणी याच मंडळांच्या शिफारशींवरून झाली, आणि ती इतक्या अल्पशा सरकारी मनुष्यबळावर झाली याचे श्रेय निःसंशय कार्पेंटर यांच्या या योजनेला आहे.

तथापि जी योजना आरंभी न्यायाचे साधन होती, तीच कालांतराने एका वर्गाची मिरास झाली. १९३९ साली कायद्यात दुरुस्ती होऊन या मंडळांना वैधानिक मान्यता मिळाली, तेव्हा त्यांची रचना अशी ठरली की पाच ते बारा सभासद पशुपालकांचे असावेत, आणि वन्य प्राण्यांच्या हिताचा विचार करणारा एक सभासद अंतर्गत खात्याच्या मंत्र्याने नेमावा. बारांच्या समोर एक! मासेमारी करणारा, शिकारी, खालच्या अंगाला ओढ्याचे पाणी पिणारा गावकरी, पुरातन वस्त्यांचा अभ्यासक, त्याच डोंगरांत पूर्वापार राहणारे मूलनिवासी, यांपैकी कोणालाही या सभेत स्थान नव्हते. चराईपट्टी १९३६ मध्ये गाईमागे दरमहा पाच सेंट इतकी नाममात्र बसविली गेली, आणि ती वाढविण्याचे प्रयत्न पशुपालकांच्या पाठीराख्यांनी, विशेषतः नेव्हाडाचे सिनेटर पॅट मॅककॅरन यांनी, बरीच वर्षे हाणून पाडले. दुसऱ्या महायुद्धानंतर खात्याच्या तरतुदीला एवढी कात्री लागली की काही काळ या सल्लागार मंडळांनी स्वतःजवळच्या निधीतून काही सरकारी नोकरांचे पगार भरले. परवानाधारकाच्या पैशावर ज्याची चूल पेटते, त्या अंमलदाराने परवानाधारकाला जनावरे कमी करा असे कोणत्या तोंडाने सांगावे? फिलिप फॉस या राज्यशास्त्रज्ञाने १९६० मध्ये गवताच्या राजकारणावर लिहिलेल्या ग्रंथात या मंडळांची जी कठोर चिकित्सा केली, ती वाचल्यानंतर, स्थानिक स्वराज्याचा उच्चार केला की न्याय आपोआप घडतो, ही समजूत टिकत नाही.

१९७६ च्या भूमिधोरण कायद्याने या जमिनी कायमच्या सरकारी मालकीत ठेवण्याचे ठरविले, त्यांचा उपयोग नानाविध कामांसाठी आणि पुढील पिढ्यांना पुरेल अशा बेताने व्हावा, असे तत्त्व घातले, आणि जुन्या चराई मंडळांचे कार्यक्षेत्र आकुंचित करून त्यांना ३१ डिसेंबर १९८५ ही अखेरची मुदत दिली. त्यानंतरच्या दशकात या खात्याच्या अधिकाऱ्यांची स्थिती दोन्हीकडून पेचात सापडल्यासारखी होती. पशुपालक म्हणत, वॉशिंग्टनचे कारकून आमच्या पोटावर पाय देतात, आणि निसर्गरक्षणाचे कैवारी न्यायालयात फिर्यादीमागून फिर्यादी गुदरीत.

१९९३ मध्ये ब्रूस बॅबिट अंतर्गत खात्याचे मंत्री झाले. ॲरिझोनाचे माजी राज्यपाल असलेले बॅबिट स्वतः त्या राज्याच्या उत्तर भागातील पशुपालक घराण्यातले. तरीही त्यांनी आरंभालाच चराईपट्टी वाढविण्याचा प्रस्ताव मांडला, आणि सिनेटमध्ये प्रदीर्घ भाषणांच्या अडथळ्यापुढे त्यांना माघार घ्यावी लागली. त्यानंतर त्यांनी जे केले ते मला त्यांच्या कारकिर्दीतील फार महत्त्वाचे कृत्य वाटते. कोलोराडोचे राज्यपाल रॉय रोमर यांनी पशुपालक, निसर्गरक्षक व स्थानिक अधिकारी यांचा एक गट बोलावला होता. बॅबिट त्या गटाच्या बैठकांना वारंवार स्वतः जाऊन बसले, आणि तेथील वाटाघाटींतून सर्व पक्षांच्या सल्लागार मंडळांची जी कल्पना पक्व झाली, तीच १९९५ च्या नियमांत उतरून त्या वर्षीच्या ऑगस्टपासून अमलात आली. आरंभी अशी २४ मंडळे स्थापन झाली. त्यांना संसाधन सल्लागार परिषदा म्हणतात.

प्रत्येक परिषदेत दहा ते पंधरा सभासद असतात, आणि ते तीन गटांत विभागलेले असतात. पहिल्या गटात चराईचे परवानाधारक, खाण, तेल, इमारती लाकूड, वाहनांची सहल अशा व्यवसायांशी संबंध असलेली माणसे. दुसऱ्यात निसर्गरक्षण संस्थांचे लोक, पायी भटकणारे व शिकारी, पुरातत्त्व व इतिहास यांचे जाणकार, मोकाट घोड्यांच्या रक्षणाची कळकळ असलेले. तिसऱ्यात राज्याचे व काउंटीचे निर्वाचित प्रतिनिधी, मूलनिवासी जमाती, विद्यापीठांतील अभ्यासक आणि सामान्य नागरिक. नेमणूक मंत्री करतो, मुदत तीन वर्षांची असते, सभासद त्याच राज्याचा रहिवासी असावा लागतो, आणि त्याला प्रवासखर्चापलीकडे वेतन मिळत नाही. बैठकीची सूचना सरकारी राजपत्रात आगाऊ प्रसिद्ध होते, दार सर्वांना उघडे असते, आणि बाहेरून आलेल्या नागरिकाला बोलण्यासाठी वेळ राखून ठेवलेला असतो.

परंतु या व्यवस्थेचा खरा प्राण तिच्या मतदानाच्या नियमात आहे. कोणतीही शिफारस परिषदेची शिफारस ठरण्यासाठी एकंदर बहुमत पुरत नाही. तिन्ही गटांपैकी प्रत्येकात स्वतंत्र बहुमत व्हावे लागते. पंधरा सभासदांची परिषद असेल आणि प्रत्येक गटात पाच असतील, तर प्रत्येकी तीन अशा नऊ मतांनी ठराव संमत होऊ शकतो, आणि एकाच गटातील तिघे अडून बसले तर बारांच्या पाठिंब्यानेही तो नामंजूर होतो. मतांची बेरीज करून प्रतिपक्षाला चीत करण्याची सोयच या नियमाने काढून घेतली आहे. पशुपालकाला शिफारस हवी असेल, तर ज्याने त्याच्यावर फिर्याद केली असेल अशा संस्थेच्या माणसाला त्याने रान दाखवावे लागते, ओढ्याकाठी कुंपण घालायचे तर गुरांना पाणी कोठून आणायचे हे समजावून सांगावे लागते. आणि निसर्गरक्षकाला शिफारस हवी असेल, तर जनावरे कमी केल्याने ज्या घराचे उत्पन्न घटणार, त्या घराच्या माणसाशी त्याला बोलावे लागते. दोघांनी मिळून एकाच रानात फिरून पाहिल्यानंतर त्यांचे तत्त्वज्ञान बदलते असे नाही, पण वादाचा विषय पुष्कळदा बदलतो. गुरे असावीत की नसावीत यावरून तो अमुक कुरणात जूनमध्ये असावीत की सप्टेंबरमध्ये, यावर येतो, आणि या प्रश्नाला उत्तर असू शकते.

या परिषदांच्या हाती आलेले पहिले मोठे काम म्हणजे चराऊ रानाच्या आरोग्याची मानके ठरविण्यात त्या त्या राज्यातील खात्याला साह्य करणे. पाणलोट नीट काम करतो काय, माती धरून ठेवणारी बहुवर्षायू झुबक्यांची गवते पुरेशी आहेत काय, ओढ्याच्या काठावर खोल मुळांच्या लव्हाळ्या व वाळुंजासारखी झाडे तग धरून आहेत काय, पाणी स्वच्छ आहे काय, वन्य प्राण्यांना आसरा आहे काय, अशा कसोट्या त्यांत आहेत. यांचे महत्त्व त्या रानाची प्रकृती जाणल्याखेरीज कळत नाही. तेथील मूळ गवत वसंतात वाढते, आणि त्याच वेळी त्याला वर्षानुवर्षे ओरबाडले, तर मुळांत साठा न राहून ते मरते. त्याच्या जागी चीटग्रास नावाचे परदेशी एकवर्षायू गवत शिरते, उन्हाळ्याच्या आरंभीच वाळून कोळ होते, आणि एका ठिणगीने मैलोगणती सेजब्रशची झुडपे जाळून टाकते. पुढच्या साली ते अधिकच दाट उगवते. म्हणून जनावरांच्या संख्येइतकीच चराईची वेळ महत्त्वाची ठरते, आणि वेळेचे ज्ञान कागदावरून मिळत नाही, रानात वावरणाऱ्याकडूनच मिळते. मानक पाळले जात नसून चराई हे त्याचे एक महत्त्वाचे कारण आहे असे ठरल्यास, पुढील चराई-वर्ष सुरू होण्यापूर्वी योग्य ती तजवीज करावी, असे बंधन नियमांनी अधिकाऱ्यावर घातले आहे.

आता आक्षेपांकडे वळू. जमीन साऱ्या राष्ट्राची असता सभासद मात्र त्याच राज्यातले का, असे न्यूयॉर्कच्या नागरिकाने विचारले तर त्याचे म्हणणे क्षुल्लक नाही. पण सल्ला आणि स्वामित्व या दोन गोष्टी निराळ्या आहेत. निर्णय शेवटी मध्यवर्ती सरकारचाच असतो, त्यावर न्यायालयात दाद मागता येते, आणि दूरच्या नागरिकाला आपले म्हणणे लेखी कळविण्याची वाट मोकळी असते. ज्याला निकालासह त्याच भूमीत नांदायचे आहे, त्याला प्रथम विचारणे मला योग्य वाटते. बिनवेतन कामाला फुरसत असणारेच लोक पुढे येतात, हा दुसरा आक्षेप मात्र मला अधिक खरा वाटतो. रोजंदारीवरच्या मेंढपाळाला दिवसभराच्या बैठकीसाठी कोण सोडणार? तिसरा आक्षेप असा की परिषदेला हुकूम करता येत नाही. हे सत्य आहे. आपला सल्ला मनमानीने डावलला जात आहे असे वाटल्यास तिला थेट मंत्र्याकडे जाब मागता येतो, आणि मंत्र्याने साठ दिवसांत उत्तर द्यावे अशी तरतूद आहे. पण त्यासाठी सर्व सभासदांचे एकमत लागते. हे शस्त्र दुर्मीळच बाहेर पडणार, परंतु ज्या दिवशी खाणवाला व खाणीचा विरोधक एकाच कागदावर सही करतील, त्या दिवशी ते मंत्र्याला जड जाईल, यात संशय नाही.

या परिषदांचे खरे दौर्बल्य त्यांच्या रचनेत नसून त्यांच्या पराधीनतेत आहे. त्यांची सनद दर दोन वर्षांनी नवी करावी लागते, प्रत्येक सभासदाचे नाव वॉशिंग्टनला जाऊन मंत्र्याच्या मेजावर पडून राहते, आणि मे २०१७ मध्ये तर तत्कालीन मंत्री रायन झिंके यांनी आपल्या खात्याच्या दोनशेंहून अधिक सल्लागार मंडळांची फेरतपासणी करण्यासाठी त्यांच्या बैठकाच थांबविल्या; त्यात या परिषदाही अडकल्या. ज्या माणसांनी वर्षानुवर्षांचा अविश्वास बाजूस सारून एकत्र बसण्याची सवय लावून घेतली, त्यांची बैठक एका कलमाच्या फटकाऱ्याने थांबावी, आणि रानातला ऋतू मात्र कोणासाठी थांबू नये, हे अनुचित आहे. परिषदेच्या रिकाम्या जागा ठराविक मुदतीत भरल्याच पाहिजेत, आणि एकदा स्थापन झालेल्या परिषदेची बैठक मंत्र्याच्या मर्जीने तहकूब होता कामा नये, असे बंधन काँग्रेसने कायद्यातच घालावे.