जावाचे बलुतेदार

घराच्या पडवीत किंवा इमारतीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात जुनी जावा मोटरसायकल उघडून बसलेला माणूस पाहिला, की हे एकट्याचं काम आहे असं वाटतं. खाली गोणपाट अंथरलेलं असतं. डब्यांमध्ये नट-बोल्ट वेगवेगळे ठेवलेले असतात, भिंतीला चाक टेकवलेलं असतं आणि फळीवर रॉकेलमध्ये बुडवलेला कार्ब्युरेटर असतो. कोणता भाग ठेवायचा, कोणता बदलायचा, पैसे आधी कशावर घालायचे हे सगळे निर्णय इथेच होतात. पण इंजिन पूर्ण उघडलं, की पडवीतून पिशव्या बाहेर पडू लागतात. ब्लॉक बोअरिंगवाल्याकडे जातो आणि क्रँक प्रेसवाल्याकडे. झिजलेला बुश लेथवर पोचतो, तडा गेलेलं झाकण अर्गन वेल्डिंगला जातं. रिम आउट काढायला, सायलेन्सर प्लेटिंगला, टाकी पेंटरकडे. घरचं वर्कशॉप गावातल्या आठ-दहा दुकानांच्या आधाराने चालतं. जुनी गाडी वाचवण्याविषयी आपण बोलतो तेव्हा या दुकानांचा उल्लेख क्वचितच होतो. माझं म्हणणं असं आहे, की गाडीपेक्षा आज जास्त धोक्यात असलेली गोष्ट हीच आहे, आणि ती राहिली नाही तर गाडीही राहणार नाही.

जावाचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. प्रागचे उद्योजक फ्रांतिशेक यानेचेक यांनी 1929 मध्ये वाँडरर कंपनीकडून मोटरसायकलचं उत्पादन विकत घेतलं. त्यांच्या आडनावाची आणि वाँडररची पहिली अक्षरं जोडून 'जावा' हे नाव तयार झालं. मुंबईतली इराणी कंपनी 1950 च्या दशकात या गाड्या आयात करत होती. आयातीवर निर्बंध आल्यावर रुस्तुम इराणी यांनी म्हैसूरला 'आयडियल जावा' हा कारखाना काढला आणि 1961 पासून गाड्या तिथेच तयार होऊ लागल्या. 1973 नंतर त्यांचं नाव येझदी झालं आणि 1996 मध्ये उत्पादन थांबलं. 2018 पासून जावा नावाच्या नव्या गाड्या पुन्हा विकल्या जात आहेत. पण त्यांचं इंजिन फोर-स्ट्रोक आहे आणि त्यातला एकही महत्त्वाचा भाग जुन्या गाडीला बसत नाही. म्हणजे नाव परत आलं, तरी जुन्या गाडीला कारखान्याचा आधार नाही. तिचा कारखाना आता गावोगाव विखुरलेला आहे.

ही गाडी उघडणाऱ्याला सगळ्यात आधी गुंतवते ती डाव्या बाजूची एक दांडी. इतर गाड्यांना किक वेगळी आणि गिअर वेगळा असतो. जावाला दोन्हींसाठी एकच दांडी आहे. ती आत दाबली की गिअरच्या यंत्रणेपासून सुटते. मागे फिरवून उभी केली की किकच्या दात्यांत अडकते. गाडी सुरू झाल्यावर तीच दांडी पुढे आणली की पुन्हा गिअरची होते. एवढ्यावर ती थांबत नाही. गिअर टाकायला दांडी हलली की आतला एक कॅम क्लच दाबतो, म्हणून हाताने क्लच न ओढताही गिअर बदलता येतो. एका दांडीवर तीन कामं सोपवण्यात यंत्रकाराचं चातुर्य आहे, पण त्याची किंमत पन्नास-साठ वर्षांनी कळते. तिन्ही कामांची झीज एकाच ठिकाणी जमा होते. दाते गोल झाले की किक निसटते. शाफ्टभोवतीचा बुश सैल झाला की झाकणातून ऑइल गळतं. कॅम झिजला की क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर करकरतो, आणि क्लच जुळवायचा स्क्रू जास्त आवळला तर क्लच घसरू लागतो. यातली कोणतीही तक्रार दुसऱ्या तक्रारीसारखीच भासते. कॉर्क बसवलेल्या क्लच प्लेटा बदलूनही गाडी घसरत राहिली, तर दोष प्लेटांचा नसून बोटाच्या पेराएवढ्या कॅमचा आहे, हे ओळखायला अनुभवी बोट लागतं. आणि ओळखल्यावर तो कॅम वेल्डिंगने भरून, घासून, मूळ आकारात आणणारा माणूस लागतो.

खरी परीक्षा इंजिनाच्या पोटात असते. जावाचं इंजिन 250 सीसीच्या वर्गातलं टू-स्ट्रोक. सिलिंडर एकच, तरी धुरासाठी दोन वाटा आणि म्हणून दोन सायलेन्सर. सिलिंडरचा व्यास 65 मिलिमीटर, पिस्टनची धाव 75 मिलिमीटर. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवा आधी क्रँककेसमध्ये येते, पिस्टन खाली येताना तिथे दाबली जाते आणि मग वर सिलिंडरमध्ये चढते. म्हणजे क्रँककेस नुसती पेटी नाही, तो एक पंप आहे, आणि पंपाला गळती चालत नाही. चेनच्या बाजूचं ऑइल सील गेलं, तर इंजिन गिअरबॉक्सच्या बाजूचं ऑइल ओढून घेतं आणि मागे पांढऱ्या धुराचा लोट सुटतो. डायनमोच्या बाजूचं सील गेलं, तर जास्तीची हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि धरतो. क्रँककेसचे दोन अर्धे भाग कारखान्यात जोडीने तासलेले असतात. एका गाडीचा डावा आणि दुसरीचा उजवा असा मेळ घातला, तर बेअरिंगची बैठक एका रेषेत येत नाही. शिवाय इंजिन नंबर नोंदणीच्या पुस्तकाशी जुळत नाही, तो वेगळाच प्रश्न. म्हणून जाणकार माणूस फुटलेली क्रँककेस फेकत नाही, जोडून घेतो.

या पोटातला क्रँक दुरुस्त करणारा कारागीर मला या साखळीतला सर्वांत महत्त्वाचा माणूस वाटतो. जावाचा क्रँक एकसंध नसतो. दोन जड चकत्यांमध्ये एक पिन घट्ट दाबून बसवलेली असते आणि त्या पिनेवर, रोलर बेअरिंगवर कनेक्टिंग रॉड फिरतो. रॉडचं हे टोक, म्हणजे बिग एंड, वाजायला लागलं की हायड्रॉलिक प्रेसवर चकत्या वेगळ्या करायच्या, जुनी पिन काढायची, नवी पिन, नवे रोलर आणि रॉड घालून पुन्हा दाबायचं. इथपर्यंतचं काम प्रेस करतो. पुढचं काम हात करतो. दाबून बसवलेल्या चकत्या कधीच आपोआप सरळ येत नाहीत. क्रँक दोन टोकांवर टांगून फिरवला की डायल गेजचा काटा हलतो, आणि किती हलतो यापेक्षा कुठे हलतो हे महत्त्वाचं असतं. चकत्या एकमेकींवर पिळलेल्या आहेत की कात्रीसारख्या उघडल्या आहेत, हे त्या हलण्यावरून ठरतं. मग तांब्याच्या हातोडीने नेमक्या ठिकाणी एक ठोका, पुन्हा गेज, पुन्हा ठोका. काट्याचं हलणं मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांत आलं की काम झालं. पाच शतांश राहिले तरी गाडी सुरू होईल, पण हँडल झिणझिणेल आणि नवी बेअरिंगं लवकर जातील. हा ठोका किती जोराचा मारायचा हे कुठल्या पुस्तकात लिहिता येत नाही, कारण प्रत्येक चकतीची पकड वेगळी असते. ते ज्ञान शेकडो क्रँक हाताखालून गेल्यावर मनगटात येतं.

इथेच काळजीचं कारण आहे. रस्त्यावर टू-स्ट्रोक स्कूटर आणि मोटरसायकली भरपूर होत्या, तेव्हा असं काम रोज येत असे. आजच्या गाडीचा क्रँक बिघडला तर पूर्ण क्रँक नवा बसतो. सिलिंडर झिजला तर ब्लॉक आणि पिस्टनचं किट एकत्र मिळतं. मेकॅनिकच्या दृष्टीने ते वेळ वाचवणारं आणि शहाणपणाचं आहे. पण त्यामुळे क्रँक उघडण्याचं रोजचं काम संपलं, आणि रोजचं काम संपलं की हात जातो. बोअरिंगचंही तेच. जावाचा ब्लॉक बिडाचा असल्यामुळे तो तासून पाव मिलिमीटर मोठा पिस्टन बसवता येतो, मग पुन्हा पाव. पण टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला भिंतीत खिडक्या असतात. बोअर मारल्यावर त्या खिडक्यांच्या कडा हलकेच मोडाव्या लागतात, नाहीतर रिंग त्यांत अडकून तुटते. फक्त फोर-स्ट्रोकवर शिकलेल्या माणसाला ही गोष्ट कोणी सांगितलेलीच नसते. त्याचं माप बिनचूक असतं, यंत्र चांगलं असतं, आणि तरी इंजिन शंभर किलोमीटरमध्ये बसतं. कौशल्य असं चुपचाप जातं: दुकान उघडं असतं, यंत्र चालू असतं, फक्त एक पायरी कोणाला आठवत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की आता जावाचे सुटे भाग नव्याने तयार होऊन सर्रास मिळतात, मग जुन्या कारागिरांवाचून काय अडतं? भाग मिळतात हे खरं, आणि ते चांगलंच आहे. पण नवा पिस्टन जुन्या सिलिंडरला जुळवावा लागतो, नवी पिन जुन्या चकत्यांत दाबावी लागते. पुनर्निर्मित सायलेन्सर बाहेरून हुबेहूब असतो. आतली रचना वेगळी असली तर टू-स्ट्रोक इंजिनाची ओढ कमी पडते, कारण या इंजिनात धुराच्या वाटेवरही ताकद अवलंबून असते. सुटा भाग हा प्रश्नाचा अर्धा भाग असतो. दुसरा आक्षेप संगणकावर चालणाऱ्या यंत्रांचा: मोजमाप घ्या आणि हवा तो भाग कापून घ्या. नवा भाग घडवायला हे यंत्र उत्तम आहे. पण झिजलेल्या भागाचं माप घेतलं तर यंत्र झिजलेलाच भाग पुन्हा करून देतं. मूळ माप किती असेल, झीज कोणत्या बाजूची आहे, हे आधी माणसाला वाचावं लागतं. शिवाय कोल्हापूरच्या उद्यमनगरसारख्या ठिकाणी साध्या लेथवर एक बुश तासून मिळतो, तसा एकच नग मोठ्या यंत्रावर परवडत नाही.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: टू-स्ट्रोक धूर सोडतं, मग ते जिवंत ठेवायचंच कशाला? ऑइल मिसळलेलं पेट्रोल जळतं, त्यातलं काही न जळताच बाहेर पडतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. रोजच्या वाहतुकीतून ही इंजिनं गेली ते योग्यच झालं. पण रोज ऑफिसला जाणारी गाडी आणि महिन्यातून दोन सकाळी निघणारी गाडी यांत फरक आहे, आणि तो कायद्यालाही मान्य आहे. 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. ती प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणं आणि देखभाल यांसाठी रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. यात मूळ रूपाची अट मला महत्त्वाची वाटते. चॅसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल केलेला चालत नाही. म्हणजे जमेल तितकं बदलण्यापेक्षा जमेल तितकं दुरुस्त करणं हीच नियमाची दिशा आहे, आणि त्या दिशेने जायचं तर कारागिरांशिवाय पाऊल टाकता येत नाही.

आता अडचणी. सर्वांत कठीण क्रोमची आहे. जावाच्या टाकीच्या क्रोमच्या बाजू, त्यावरचा गडद लाल रंग आणि सोनेरी रेघा हे तिचं रूप. क्रोम टिकाऊ करायचा तर आधी बफिंग, मग तांबं, मग निकेल आणि शेवटी क्रोम असे थर द्यावे लागतात. क्रोम चढवण्याच्या हौदातलं आम्ल काम करणाऱ्याच्या फुप्फुसाला आणि गावाच्या पाण्याला घातक असतं, म्हणून त्या कारखान्यांवर निर्बंध आहेत आणि ते असायलाच हवेत. परिणाम असा, की नियम पाळणारा मोठा कारखाना एकच टाकी घ्यायला तयार नसतो, आणि घेणारा छोटा कारखाना तांब्याचा थर वाचवतो. गंजाचे खड्डे काढायला बफिंग करावं तितका पत्रा पातळ होतो, कडा गोल होतात, उठावाची अक्षरं पुसट होतात. डागाळलेलं पण शाबूत असलेलं मूळ क्रोम तसंच राहू देणं हा अनेकदा सर्वांत प्रामाणिक निर्णय असतो. दुसरी अडचण इंधनाची. वीस टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल पाणी धरून ठेवतं. गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर टाकीच्या तळाशी ते पाणी साचतं, गंज धरतो, आणि जुन्या रबराच्या नळ्या व पॅकिंग फुगतात. टू-स्ट्रोकला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं, म्हणून इथे चूक झाली तर पिस्टन धरतो. टाकी रिकामी करून ठेवणं, रबर बदलणं, ऑइल ताजं मिसळणं एवढंच आपल्या हाती आहे.

तिसरी अडचण पैशाने सुटेल असं वाटतं, आणि तिथेच आपण चुकतो. जुन्या जावाची किंमत चढत गेली, तसा पैसा दिसणाऱ्या गोष्टींवर जाऊ लागला: रंग, क्रोम, सीट, बिल्ले. क्रँक सरळ करणाऱ्याशी मात्र घासाघीस होते, कारण त्याचं काम झाकणाआड जातं. इथे बलुतेदारीची आठवण येते. गावगाड्यात सुताराशिवाय नांगर चालत नव्हता, पण सुताराला काय मिळायचं ते पिकावर आणि पाटलाच्या मर्जीवर ठरायचं. परस्परावलंबन खरं होतं, अन्यायही खरा होता. पुढच्या पिढीने ते काम सोडलं यात नवल नाही. आपली घरची वर्कशॉपं आज कारागिराशी त्या गावगाड्यासारखीच वागत आहेत. महिन्याला एक-दोन क्रँक येणाऱ्या दुकानात मुलगा शिकायला का बसेल?

म्हणून उपाय छोटे पण ठोस हवेत. काम एकेकट्याने न देता चार-पाच जणांनी मिळून एकाच कारागिराकडे सातत्याने द्यावं, म्हणजे हात चालू राहतो. तासाचे पैसे द्यावेत, नगाचे नव्हेत, म्हणजे शेवटचे दोन शतांश काढायला त्याला सवड मिळते. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले एकत्र जमतात, तिथे चकाकत्या टाक्यांच्या शेजारी एक उघडा क्रँक, गेज आणि तांब्याची हातोडी घेऊन तो कारागीरही मानाने बसलेला असावा. आयटीआयमध्ये टर्नरचा कोर्स करणारी मुलं तिथे यावीत, आणि खिडकीची कड का मोडायची हे त्यांनी ब्लॉक हातात घेऊन पाहावं. पडवीतला माणूस निर्णय उत्तम घेईल, पण ते पार पाडणारं दुकान गावात उघडं राहिलं पाहिजे. ते राहिलं, तर डाव्या बाजूची ती दांडी आत दाबून, मागे फिरवून किक मारल्यावर इंजिन सुरू होईल, आणि पुढे आणल्यावर पहिला गिअर न करकरता पडेल.