बाटलीच्या भिंतीतला पहारेकरी

लोणच्याची बरणी भरून झाली की फोडींवर तेलाचा चांगला बोटभर थर राहील, याची काळजी जाणती गृहिणी घेते. तेलाने चव येते हे खरेच. पण वरच्या थराचे मुख्य काम आहे फोडींपर्यंत हवा पोहोचू न देण्याचे. हवेतल्या प्राणवायूवर बुरशी वाढते, तेलाला खवट वास येतो, टोमॅटोचा लाल रंग काळपट पडतो, रसातले क जीवनसत्त्व नाहीसे होते. म्हणजे अन्न टिकवणे हे पुष्कळ अंशी प्राणवायूला दाराबाहेर ठेवणे असते.

काचेची बाटली आणि पत्र्याचा डबा हे काम चोख करतात. त्यांच्या भिंतीतून वायू आरपार जात नाही. पण काच जड, पडली की फुटते, पत्रा गंजतो. प्लॅस्टिक हलके, न फुटणारे आणि हवा तो आकार घेणारे. मग अडचण कुठे आली? अडचण अशी की, पाण्याचा थेंबही न गळू देणाऱ्या प्लॅस्टिकच्या बाटलीतून प्राणवायू मात्र हळूहळू आत शिरत असतो.

आता तुम्ही म्हणाल, बाटलीला भोक नाही, मग वायू शिरतो कसा? प्लॅस्टिक म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्यांचा गुंता. या साखळ्या स्थिर नसतात, सारख्या हलत असतात. जत्रेतली गर्दी डोळ्यांसमोर आणा. माणसे दाटीने उभी असली तरी जरा हलली की फट पडते आणि एखादे चपळ पोर त्यातून पलीकडे निसटते. प्राणवायूचे रेणू असेच एका फटीतून दुसऱ्या फटीत सरकत बाटलीची भिंत ओलांडतात. दुधाच्या पिशवीचे पॉलिथिन किंवा डब्यांचे पॉलिप्रॉपिलीन पाण्याची वाफ उत्तम अडवते, पण प्राणवायूपुढे त्याचे फारसे चालत नाही.

मग याच गर्दीतल्या माणसांनी एकमेकांचे हात घट्ट धरले तर? नेमके हेच ज्यात घडते असे एक प्लॅस्टिक आहे. त्याचे नाव इथिलिन व्हिनाइल अल्कोहोल. कारखान्यातली मंडळी त्याला 'ईव्हीओएच' म्हणतात. जपानच्या कुरारे कंपनीने १९७२ मध्ये ते व्यापारी प्रमाणावर आणले. याच्या साखळ्यांवर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या असतात आणि त्या शेजारच्या साखळीतल्या जोड्यांना धरून ठेवतात. त्यामुळे फटी पडत नाहीत. पॉलिथिनच्या तुलनेत हे प्लॅस्टिक प्राणवायूला हजारो पटींनी अधिक अडवते.

पण या पहारेकऱ्याला एक मोठी खोड आहे. ओल लागली की त्याची पकड सुटते. पाण्याचे रेणू मध्ये घुसतात, धरलेले हात सैल होतात आणि वायूला वाट मिळते. म्हणून त्याला एकट्याला उभे करून चालत नाही. बाहेरून आणि आतून पॉलिप्रॉपिलीनचे किंवा पॉलिथिनचे थर देऊन त्याला मध्ये कोरडे ठेवावे लागते. बाहेरचे थर ओल अडवतात, मधला थर प्राणवायू अडवतो. एकाचे उणे दुसरा भरून काढतो.

यातही एक पेच आहे. ही दोन्ही प्लॅस्टिके एकमेकांना चिकटत नाहीत. म्हणून दोन्हींशी जुळणाऱ्या खास प्लॅस्टिकचा एक थर मध्ये गोंदासारखा घालतात. शिवाय साच्यातून निघालेली कात्रणे दळून त्यांचाही एक थर देतात, म्हणजे माल वाया जात नाही. अशा रीतीने भिंत सहा-सात पदरी होते. हे सारे थर वितळलेल्या अवस्थेत एकाच वेळी एका नळीच्या रूपाने यंत्रातून बाहेर पडतात. ती नळी साच्यात धरून आत हवा फुंकली की बाटली तयार. मधला पहारेकरी थर केसाहूनही बारीक असू शकतो. हातात घेऊन पाहिले तर भिंत एकाच थराची आहे असेच वाटते.

याचे गाजलेले उदाहरण म्हणजे टोमॅटो केचपची बाटली. अमेरिकेत हाइन्झ कंपनीने १९८३ मध्ये दाबून केचप काढता येईल अशी बहुपदरी प्लॅस्टिकची बाटली आणली. काचेच्या बाटलीच्या बुडावर थापट्या मारण्याचा त्रास वाचला आणि लोकांनी ती उचलून धरली. पण लवकरच पर्यावरणवाद्यांनी विचारले, रिकामी झाल्यावर हिचे करायचे काय? वेगवेगळी प्लॅस्टिके एकजीव झालेली, ती सुटी कशी करणार? अखेर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस कंपनीला सहज पुनर्प्रक्रिया होऊ शकेल अशा पेट प्लॅस्टिकच्या बाटलीकडे वळावे लागले.

तोच प्रश्न आज आपल्या दारात उभा आहे. भंगारवाला पाण्याची बाटली आनंदाने घेतो, वेफर्सचे चकचकीत पाकीट घेत नाही. भारत सरकारने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी जी नियमावली काढली, तिच्यात या वस्तूंची वर्गवारी आहे. ज्यात प्लॅस्टिकबरोबर अॅल्युमिनियम किंवा कागदासारख्या दुसऱ्या पदार्थाचा थर आहे, त्याला तिथे बहुस्तरीय प्लॅस्टिक म्हटले आहे. ही आवरणे गोळा करून मार्गी लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. त्यातला बराचसा भाग सिमेंटच्या भट्ट्यांत जळणासाठी जातो. केवळ प्लॅस्टिकच्याच थरांची टणक बाटली त्या गटात येत नाही. मधला थर वजनाच्या काही टक्क्यांपुरताच असेल, तर ती इतर मालाबरोबर दळून वापरता येते. म्हणजे पहारेकरी बारीक ठेवणे हे नुसते काटकसरीचे काम नाही, पुढच्या पिढीच्या सोयीचेही आहे.

अशा बाटल्यांचा दुसरा मोठा वापर शेतीत आहे, आणि तिथे प्रश्न जिवाचा आहे. काही कीटकनाशके ज्या द्रावकात मिसळतात तो साध्या पॉलिथिनमधून हळूहळू निसटतो. मग बाटलीच्या भिंती आत खेचल्या जाऊन ती चेपते. म्हणून अशा औषधांना आत रोधक थर असलेली बाटली देतात. अशी मजबूत बाटली टाकवत नाही आणि रिकामी झाल्यावर तिच्यात पाणी, तेल, कधी रॉकेल भरले जाते. हे कधीही करू नये. औषधाला लागून असलेल्या प्लॅस्टिकच्या थरात विषाचा अंश मुरलेला असू शकतो, आणि कितीही धुतले तरी तो निघाल्याची खात्री देता येत नाही. बाटली तीनदा विसळावी, ते पाणी फवारणीच्याच टाकीत ओतावे, मग बाटलीला भोक पाडून ती निकामी करावी.

खाद्यपदार्थांच्या बाबतीतही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, हा थर हवा अडवतो, जंतू मारत नाही. जंतू मरतात ते उष्णतेने. उलट हवा नसतानाच वाढणारे काही घातक जंतूही असतात. म्हणून फुगलेले पाकीट किंवा डबा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, आणि त्यातला पदार्थ चाखूनही पाहू नये. दुसरी, झाकण उघडले की प्राणवायू सरळ तोंडातूनच आत येतो. मग भिंत सात पदरी असो की सतरा, तिचा उपयोग संपला. 'उघडल्यावर थंड जागी ठेवा आणि लवकर संपवा' ही बारीक अक्षरातली सूचना त्यासाठीच असते. वेष्टनावरच्या तारखेइतकेच तिच्याकडेही लक्ष द्यावे.