मित्र गेल्यावर मुलांना रडू द्या

पावसाळ्यात समुद्र, एरवी रेल्वे आणि मोटारसायकल. आपल्या वसई-विरारमध्ये एखादे कोवळे मूल अचानक जाते, तेव्हा सांत्वनाला सारे त्याच्या घरी जातात. त्याच्या वर्गमित्रांची विचारपूस मात्र कोणी करत नाही. ही मुले मग डोकेदुखी, पोटदुखी, निद्रानाश घेऊन दवाखान्यात येतात. तपासणीत काही सापडत नाही. दुखणे मनाचे असते.

ख्रिस्ती घरांत वडीलधारे म्हणतात, 'देवाची इच्छा, रडू नकोस.' पण मित्र लाजरस वारला तेव्हा प्रभू येशूही रडले, असे योहानचे शुभवर्तमान सांगते. रडणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे नव्हे. मित्राच्या मिस्साला, २ नोव्हेंबरला त्याच्या कबरीवर फुले-मेणबत्त्या ठेवायला मुलांना एकत्र जाऊ द्या. घरात त्याचे नाव टाळू नका.

दोन आठवड्यांनंतरही जेवण, झोप, अभ्यास रुळावर येत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. 'मलाही त्याच्याकडे जायचंय' असे मूल म्हणाले, तर मात्र एक दिवसही थांबू नका. जिवाचे बरेवाईट करावेसे वाटते का, हे स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. त्याला एकटे सोडू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत दूरध्वनी चोवीस तास चालू असतो.