चुकलेली वेळ

मूकपटाबद्दल रेडिओवर बोलायचं, म्हणजे ज्याला आवाज नाही ते आवाजानंच दाखवायचं. तरीही १९२६ सालच्या ‘सैतानाचं चाक’ या रशियन मूकपटाविषयी आज बोलावंसं वाटतं.

ग्रिगोरी कोझिंत्सेव्ह आणि लिओनिद त्राउबेर्ग हे त्याचे दिग्दर्शक. दोघांचीही तेव्हा पंचविशी उलटली नव्हती. चोरांच्या अड्ड्यावर वेनिआमिन कावेरिन यांनी लिहिलेल्या कथेचा त्याला आधार आहे.

वान्या शोरिन हा ‘अरोरा’ या युद्धनौकेवरचा खलाशी. १९१७ साली हिवाळी राजवाड्यावर चाल करण्याचा इशारा जिच्या तोफेनं दिला, तीच ही नौका. थोड्या वेळाच्या सुटीवर तो लेनिनग्राडच्या करमणुकीच्या बागेत येतो. तिथं त्याला वाल्या भेटते. दोघं खेळांत रमतात आणि परतायची वेळ टळते. बस, एवढाच त्याचा गुन्हा! पण वेळेवर न परतलेला खलाशी म्हणजे पळपुटा. मग अशा माणसाला आसरा देणारं घर एकच उरतं, ते म्हणजे गुन्हेगारांचं.

सैतानाचं चाक म्हटलं की रशियन माणसाला जत्रेतला उंच पाळणाही आठवतो. चित्रपटातलं चाक मात्र जमिनीलगत आडवी फिरणारी मोठी तबकडी आहे. माणसं तिच्यावर बसतात. तिचा वेग वाढला की कडेची माणसं आधी बाहेर फेकली जातात.

त्या वेळचं शहरही असंच होतं. यादवी युद्ध नुकतंच संपलेलं. १९२१ पासून खासगी व्यापाराला मोकळीक मिळाली, दुकानं उजळली, पण बेकार आणि बेघर माणसं कडेलाच राहिली. पडक्या घरांतल्या टोळ्यांना हवी होती तीच ही माणसं. चित्रपटातल्या टोळीचा म्होरक्या बागेत जादूचे खेळ करणारा आहे. पुढं दिग्दर्शक म्हणून नावाजलेले सेर्गेई गेरासिमोव्ह यांनी ही भूमिका केली. बागेतलं हसू आणि अड्ड्यातली भीती या एकाच माणसानं जोडली आहेत.

शेवटी वान्या आपल्या पायांनी परततो. शिक्षा होईल हे ठाऊक असूनही परततो. या चित्रपटाचे काही भाग आज हरवले आहेत. पण परतीची ही गोष्ट उरली आहे.

उशीर कोणाला होत नाही? उशिरा परतणाऱ्यासाठी आपण दार उघडतो की लावून घेतो, एवढंच आपण स्वतःला विचारावं.